गाडी दाराशी येईल का?

माझा धाकटा भाऊ अठरा वर्षे कतारमध्ये नोकरी करून गेल्या हिवाळ्यात कायमचा परतला. येताना त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या. कंपनीने दिलेली ग्रॅच्युइटी आणि कामांची एक यादी. यादीत पहिले अम्मीच्या खुब्याचे ऑपरेशन, दुसरे गावच्या घराचे छप्पर आणि तिसरी गाडी. ऑपरेशन अल्हम्दुलिल्लाह नीट पार पडले. छप्पर २०२० च्या निसर्ग वादळात उडाले होते. तेव्हा घाईत जे पत्रे आणि ताडपत्री टाकली, ती आजही तशीच आहे. पावसाळ्याआधी ते काम व्हायला हवे होते. पण एप्रिलमध्ये बघते तर काय, यादीतली गाडी गुपचूप छपराच्या वर सरकली होती.

"आपा, तू चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तुला गाडी चालवता येत नाही, म्हणूनच तुझं मत हवंय. चालवणारे सगळे फक्त इंजिनाबद्दल बोलतात."

त्याच्या मनात भरलेली गाडी व्होल्वोची एक्ससी ६०. आमच्या मुंबईच्या मामेभावाकडे ती आहे आणि त्याने तीन दिवसांसाठी ती देऊ केली. अम्मी ऑपरेशननंतर दापोलीला खालाकडे राहत होती. तिला घेऊन दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडायची आणि गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी सोडायचे, असा बेत ठरला. शाळेला मे महिन्याची सुट्टी होती. फजरच्या नमाजानंतर आम्ही पनवेलहून निघालो.

बाजारात या मापाच्या आलिशान गाड्या चार-पाचच आहेत. मर्सिडीजची जीएलसी, बीएमडब्ल्यूची एक्स ३, ऑडीची क्यू ५ आणि ही. लांबी सगळ्यांची पावणेपाच मीटरच्या आगेमागे, आसने पाच, किंमत साधारण एकाच टप्प्यातली. ज्यांचे महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर होतात त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की जीएलसी आणि एक्स ३ डिझेलमध्येही मिळतात, ही फक्त पेट्रोलवर. इंजिन दोन लिटरचे, ताकद २५० अश्वशक्ती, चारही चाकांना ती पोचते. सोबत ४८ व्होल्टची छोटी बॅटरी असते. तिला हायब्रिड म्हणतात खरे, पण ती एकटी गाडी ओढत नाही. सुरुवातीला हात देते, एवढेच. विक्रेत्याने 'हायब्रिड' शब्द उच्चारला की आमच्यासारख्यांना वाटते निम्मे पेट्रोल वाचणार. तसे नाही. आम्हाला महामार्गावर लिटरला अकराच्या आसपास किलोमीटर मिळाले आणि दापोलीच्या वळणांवर त्याहून कमी.

वडखळ, माणगाव, महाड. हा रस्ता मी लहानपणी एसटीच्या मागच्या बाकावर बसून, हातात लिंबू धरून काटलेला आहे. पोलादपूरनंतर कशेडीची वळणे सुरू झाली की निम्मी बस खिडकीबाहेर असायची. आता सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला आहे. आत शिरून मी भावाला काही विचारते तोवर खेडच्या बाजूचा उजेड दिसला. गाडीत आवाज इतका कमी की मागे बसून मी नेहमीच्या आवाजात बोलत होते आणि पुढे त्याला ऐकू येत होते. पन्नास मुलांच्या वर्गात घसा ताणून बोलण्याची सवय असलेल्या बाईला ही चैन वाटते, खोटे कशाला बोलू?

आसनांबद्दल मात्र मनापासून लिहावेसे वाटते. माझी कंबर वीस वर्षे खडू-फळ्यापुढे उभी राहून कामातून गेलेली आहे. चार तासांनी मी उतरले तेव्हा कमरेला हात न लावता उतरले. पाठीचा खालचा भाग बरोबर धरला जातो आणि मांडीखाली पुरेसा आधार असतो. ज्यांच्या घरात पाठदुखीचे माणूस आहे त्यांनी बाकीची यादी बाजूला ठेवून आधी त्या माणसाला अर्धा तास आसनावर बसवून बघावे. पाच मिनिटांत कोणतेही आसन चांगलेच वाटते.

महामार्गावर भाऊ मला गाडीची हुशारी दाखवत होता. पट्ट्यांच्या मधोमध गाडी ठेवणारी यंत्रणा, पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी, अचानक कुणी आडवे आले तर आपोआप ब्रेक लावणारी. माणगावच्या बाजारात समोरून रिक्षा, डावीकडून बैल, उजवीकडून फटफटी आली, तेव्हा त्याने स्वतःच त्यातली निम्मी हुशारी बंद करून टाकली. या यंत्रणा पट्टे रंगवलेल्या, शिस्तीच्या रस्त्यांसाठी घडवलेल्या आहेत. द्रुतगती मार्गावर त्या खरोखर कामाच्या, पण आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांसाठी त्यांचे पैसे मोजायचे का, याचा ज्याने त्याने विचार करावा. एसी कमी-जास्त करायलाही मधल्या पडद्यावर बोट टेकवावे लागते, बटण नाही. चालवताना नजर रस्त्यावरून हटते. या वर्गातल्या बहुतेक नव्या गाड्या आता याच वाटेने चालल्या आहेत.

सुरक्षिततेबाबत या कंपनीचे नाव उगाच नाही. आज आपण जो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा लावतो, तो त्यांच्याच निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखानदारांना खुले करून दिले. युरोपच्या एनकॅप चाचणीत २०१७ साली या गाडीला पाच तारे मिळाले, मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी १०० पैकी ९८ टक्के. हे आकडे भावाला तोंडपाठ होते. मी त्याला विचारले, मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही तर किती टक्के? सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, तेही अशाच महागड्या गाडीत मागे बसलेले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता असे पोलिसांनी सांगितले होते. आपल्या घरांत मागचा पट्टा हा आसनाच्या फटीत कोंबून ठेवण्याचा प्रकार असतो. ८० लाख मोजून तो तिथेच राहणार असेल तर तारे आकाशातले आणि गाडीवरचे सारखेच.

दापोलीला खालाकडे पोचलो तेव्हा ऊन चढले होते. आमची खरी परीक्षा तिथे होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी अम्मीला बजावले होते की गुडघे खुब्याच्या वर जातील असे खाली बसायचे नाही. त्यामुळे साध्या छोट्या गाडीत, जिथे माणूस खाली घसरत बसतो, तिला त्रास होतो. उलट उंच जीपगाडीत चढायला पायरी लागते. ही गाडी त्या दोन्हींच्या मधली. शिवाय हिच्यात हवेच्या उशांवर तोललेले सस्पेन्शन आहे, त्यामुळे उतरता-चढताना गाडी थोडी खाली बसते. अम्मी आधी आसनावर टेकली, मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले, जसे फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवले होते. एकदाही "या अल्लाह" म्हणाली नाही. भावाने माझ्याकडे असे पाहिले, जणू गाडी त्यानेच बनवली आहे.

बुरख्यावरून पट्टा लावताना एक गोष्ट मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुरुष लेखक ती लिहीत नाहीत. खालचा पट्टा पोटावर नाही, तर मांडीच्या मुळाशी, हाडावर बसला पाहिजे. सैल बुरख्याच्या घड्यांवरून तो वर सरकतो. कापड दोन्ही बाजूंनी ओढून सपाट करावे आणि मगच पट्टा अडकवावा. वरच्या पट्ट्याखाली ओढणीची टाचणी येणार नाही हेही बघावे.

अम्मी पुढे, भाऊ चालवायला, मागे मी, खाला आणि खालाची सून. तिघींत मध्ये कोण? अर्थात मी, कारण तपासणी करायला निघालेली मीच! मधल्या जागेच्या पायाशी मोठा उंचवटा आहे, मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा तिथून जातो. दोन पाय दोन बाजूंना टाकून बसावे लागते. दापोली ते दाभोळ तासभर चालते, पनवेलपासून चालले नसते. कागदावर ही पाच जणांची गाडी, मनाने चार जणांची. आणि भावाचे घर मोजा: तो, त्याची बायको, तीन मुले, अम्मी. सहा झाले. मी आले की सात. इनोव्हा हायक्रॉस निम्म्याहून कमी किमतीत सात-आठ जण नेते. तिच्यात ही शांतता आणि ही आसने नाहीत, पण सगळे एका गाडीत असतात. ईदच्या दिवशी कुणाला दुसऱ्या फेरीत ठेवायचे, हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

डिकी मात्र पुरेशी आहे. अम्मीचा वॉकर, उंच बसण्याची खुर्ची, चार बॅगा आणि खालाने आग्रहाने दिलेल्या हापूसच्या तीन पेट्या एवढे सगळे मावले. खालच्या बाजूला स्टेपनीची चौकशी जरूर करा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत पूर्ण मापाचे चाक नसते. बारीक, तात्पुरते चाक मिळते, त्यावर ताशी ८० च्या वर जायचे नसते. टायर रुंद आणि कडेने बुटके, आमच्या खड्ड्यांच्या कडा धारदार. दापोली-गुहागर पट्ट्यात यांचे वर्कशॉप नाही आणि गावच्या पंक्चरवाल्याकडे हा टायर मिळणार नाही. एका टायरची किंमत खरेदीच्या आधीच विचारून घ्यावी. तसेच हवेच्या उशा वॉरंटीनंतर बदलायला किती लागतात आणि पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल चालते का, हे दोन्ही लेखी घ्यावे.

दाभोळला उतरलो तर फेरीबोट नुकतीच सुटलेली. धक्क्यापासून जवळच ती जुनी मशीद आहे, विजापूरच्या शैलीतली, मोठ्या घुमटाची. विजापूरची शाहजादी हजला निघाली होती, पुढचा प्रवास होईना, तेव्हा सोबतच्या पैशांतून तिने ही मशीद बांधवली, असे इथले लोक सांगतात. अब्बा आम्हाला लहानपणी हीच कथा सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, बघा, जे पैसे प्रवासासाठी होते ते जागेवरच कारणी लागले.

दाभोळ तेव्हा मोठे बंदर होते. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थानात फिरून गेला, तो परतताना इथूनच होर्मुझच्या जहाजात बसला. त्याने लिहून ठेवले आहे की या बंदरात अरबस्तान आणि खुरासानचे घोडे येतात. तो स्वतःही एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला होता. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि बिचाऱ्याला तो परत मिळवताना नाकी नऊ आले. मी भावाला म्हटले, त्या काळची आलिशान गाडी म्हणजे अरबी घोडा. समुद्रापलीकडून आणायचा, जपायचा, आणि रस्त्यात कुणाच्या डोळ्यांत भरला की संकट. तो हसला. म्हणाला, "आपा, तुझा इतिहासाचा तास सुट्टीतही संपत नाही."

बोट आली. खाडीला ओहोटी होती, त्यामुळे फळी तिरकी पडलेली. इथे भल्याभल्यांच्या बंपरला ओरखडे जातात. भावाने बटणाने गाडी थोडी उंच केली, चारही बाजूंचे कॅमेरे पडद्यावर आले आणि गाडी अलगद वर चढली. बोटीवरचा पोरगा हात करत होता, "येऊ द्या, येऊ द्या, बस्स." शेजारच्या फटफटीवाल्याने आरशाकडे बघून आपली गाडी न सांगता चार बोटे सरकवून घेतली. दहा-पंधरा मिनिटांत धोपावे आले. ही बोट नसती तर चिपळूणवरून मोठा वळसा पडला असता. अम्मी काचेतून पाण्याकडे बघत राहिली. अब्बांबरोबर ती याच खाडीतून होडीने यायची.

पैशांचा विषय मी मुद्दाम बोटीवर काढला, तिथून त्याला पळता येणार नव्हते. शोरूमची किंमत ७० लाखांच्या आसपास. तिच्यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे, त्याआधी उपकर धरून ५० टक्के होता. त्यावर आपल्या राज्यात २० लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के वाहन कर. ७० लाखांवर तो ९ लाख १० हजार होतो. आमच्या गल्लीत तेवढ्यात एक अख्खी नवी गाडी येते. विमा वेगळा. विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो, ते पैसे आयकर विवरणपत्रात वळते करून घेता येतात, पावती हरवू नये. एकूण ८० लाखांच्या पुढे.

आणि हे परत किती येतात? विमा कंपन्यांचे ठरलेले कोष्टक आहे. गाडीची विमा किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घटते, वर्ष पूर्ण होताना १५, मग दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. म्हणजे पाचव्या वर्षी कागदावर ३५ लाख उरले. वाहन कर आणि विम्याचा हप्ता तर त्यात नाहीच. मामेभाऊ व्यापारी आहे, तो हा खर्च व्यवसायात बसवतो. नोकरीच्या जमापुंजीतून घेणाऱ्याने त्याचे बघून हिशोब करू नये.

भाऊ म्हणाला, "व्याजाचं कर्ज घेत नाहीये, माझे कष्टाचे पैसे आहेत. आणि वापरातल्या गाडीवर जकात नाही." खरेच नाही. पण ७० लाखांवर यंदा रमजानमध्ये पावणेदोन लाख जकात निघाली होती आणि ती गावातल्या कोणत्या घरांत गेली, ते आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. मी फक्त त्या घरांची नावे घेतली. तो पाण्याकडे बघू लागला. मीही विषय तिथेच सोडला. भाऊ आहे, विद्यार्थी नाही.

धोपाव्यापासून गावापर्यंत रस्ता ठीक. मोहल्ल्याच्या तोंडाशी आलो आणि गाडी थांबली. आमच्या घराकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या गडग्यांत आहे. या गाडीची रुंदी आरसे सोडून १९०२ मिलिमीटर, आरशांसह २११७. बघताना फॉर्च्युनर अवाढव्य वाटते, पण तिची रुंदी १८५५ आहे, म्हणजे ही तिच्याहूनही रुंद. वॅगन आर १६२०. आमची वाट सरळ भागात साडेसात फूट. आरसे मिटून, कॅमेऱ्यात बघत भावाने मशिदीपर्यंत गाडी आणली. दोन्ही कडांना वीत वीतभर जागा होती. विहिरीपाशी काटकोनी वळण आहे. तिथे नाक आत गेले, शेपूट गेली नाही. तीनदा पुढे-मागे केले. मुले गडग्यावर चढून बघायला बसली. एक म्हातारे चाचा काठी टेकत आले आणि म्हणाले, "बेटा, बारात का घोडा भी इधर से मुड़ता नहीं था।"

शेवटी गाडी मागे घेत जमातखान्याच्या मैदानात लावली आणि नाक्यावरून रिक्षा बोलावली. रिक्षा विहिरीपाशी वळली आणि पडवीच्या पायरीला जाऊन टेकली. अम्मीला चढताना-उतरताना दोघांनी धरावे लागले, यावेळी "या अल्लाह" दोनदा ऐकू आले. पण ती दारात उतरली.

संध्याकाळी पडवीत चहा घेताना भाऊ म्हणाला, "वळणावरचा गडगा हातभर मागे घेतला तर जमेल. मी खर्च देतो, शेजाऱ्यांशी बोलतो."

अम्मी म्हणाली, "तो गडगा तुझ्या अब्बांनी आणि त्यांच्या अब्बांनी एका दिवशी मिळून घातलाय. त्याला हात लावायचा नाही." मग वर बघून, ताडपत्रीतून दिसणाऱ्या आभाळाकडे हात करत म्हणाली, "छपरावाला कधी येतोय?"

कुणीच उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर मलाही गाडी आवडली होती. परतीच्या प्रवासात पुन्हा त्याच आसनावर बसायचे आहे, या विचाराने मला बरे वाटत होते. अम्मीला दर दोन महिन्यांनी मुंबईला तपासणीसाठी न्यायचे आहे आणि अशी गाडी असेल तर ती कुरकुर न करता येईल, हेही मला दिसत होते. म्हणून 'घेऊ नको' असे मी त्याला म्हटलेले नाही. एवढेच म्हटले की एकदा इनोव्हासुद्धा याच रस्त्याने, याच माणसांना घेऊन, याच वळणापर्यंत आणून बघ. आणि अशीच गाडी दोन-तीन वर्षांची, सर्व्हिसची पूर्ण नोंद असलेली मिळते का, तेही बघ, पहिल्या वर्षांची घट दुसऱ्या कुणी सोसलेली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर तो घरात नव्हता. सुताराकडून मोजपट्टी आणून विहिरीच्या वळणावर उभा होता. इकडून तिकडे, मग तिरके, मग जमिनीपासून गडग्याच्या उंचीपर्यंत, सगळे मोजून मोबाइलमध्ये लिहीत होता. मोजपट्टीचे दुसरे टोक सुताराच्या हातात होते. तो मधेच मान वर करून आमच्या छपराकडे बघत होता आणि पहिला पाऊस साधारण कधी येईल, वासे किती लागतील, याचा हिशोब बोटांवर करत होता. नऊच्या फेरीबोटीला अजून वेळ होता. मी दोघांसाठी चहा घेऊन गेले.